तीन ठिकाणी ठेवलेली बंदूक

पारशिवनीचे सुभेदारकाका नसते, तर मी आज कुठल्या तरी राइस मिलमध्ये पोती उचलत असतो. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही. माझे वडील तेच करायचे, आणि शाळेत माझ्या बाकावर बसणारे दोघे आजही तेच करतात. त्यांच्यात आणि माझ्यात हुशारीचा फरक नव्हता. काकांचं घर आमच्या घरासमोर होतं, एवढाच फरक होता.

सैन्यातून निवृत्त होऊन काका गावी आले आणि एका पतसंस्थेत बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागले. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा वडील म्हणाले, मिलच्या मुनीमजीशी बोलतो. काकांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, माझे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि एसटीनं मला नागपूरला नेलं. कॉलेजच्या खिडकीवर कळलं की फॉर्मवर वडिलांची सही लागते. काका त्याच दिवशी परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन हजर झाले. वडिलांच्या केसात अजून मिलमधल्या भाताचा कोंडा होता. त्यानंतरची तीन वर्षं वसतिगृहात दर आठवड्याला त्यांचं कार्ड यायचं. चार ओळींपेक्षा जास्त मजकूर कधीच नसायचा. जेवतोस ना, पुस्तकं मिळाली का, घरी ठीक आहे, पाऊस नाही.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज नागपुरात एका विमा कार्यालयात अधिकारी आहे. पण हे जे लिहायला बसलो आहे ते कृतज्ञतेतून नाही. गेले तीन महिने माझा जळफळाट होतो आहे, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे. नावं मी कोणाचीच लिहीत नाही, कारण प्रकरण अजून फायलीत आहे.

काकांकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे. पहाऱ्याच्या नोकरीसाठी घेतलेली. नोकरी संपल्यावर शेताच्या राखणीसाठी परवाना पुढे चालू राहिला. शेत जंगलाच्या कडेला आहे, रानडुकरं येतात. वर्षातून दोन-चार वेळा हवेत बार काढायचा, डुकरं पळतात, एवढाच त्या बंदुकीचा उपयोग. निवडणूक आली की परवानाधारकांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. नोटीस यायच्या आधीच काका जाऊन बसायचे. ठाणेदार म्हणायचा, "सुभेदार, अजून आम्हालेच वरून कागद आला नाही!" काका म्हणायचे, "येईल ना. मी बसतो." परवान्याच्या पुस्तकात शेऱ्यांसाठी एक रकाना असतो. तो इतक्या वर्षांत कोराच राहिला होता. काकांना मूलबाळ नाही, काकू गेल्या. स्वतःच्या चांगल्या वागणुकीचा दाखला म्हणून त्यांच्याकडे तो कोरा रकाना होता. हे मला आधी कळलं नव्हतं. आता कळतं.

प्रवासात ते बंदूक कधीच अखंड नेत नसत. नळी वेगळी, खांद्याला टेकवायचा कुंदा वेगळा, नळीखालचा लाकडी तुकडा वेगळा. नळीसाठी काकूंच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवलेली होती. कुंदा सतरंजीत गुंडाळायचा. गाडीत तिन्ही वस्तू तीन ठिकाणी ठेवायच्या, म्हणजे चोरी झालीच तर चोराच्या हाती बंदूक लागणार नाही, नुसतं लाकूड नाहीतर नुसतं लोखंड लागेल. काडतुसं काम नसेल तर न्यायचीच नाहीत, घरी कुलपात. रस्त्यानं कोणाला दिसू द्यायचं नाही, कोणाशी त्याबद्दल बोलायचं नाही, आणि हत्यार गाडीत असेपर्यंत गाडी सोडायची नाही. मी एकदा विचारलं होतं, इतकं कशाला. ते म्हणाले, "हत्यार दिसलं का माणूस बिघडते गा. पाहणाराही बिघडते अन् बाळगणाराही."

या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नागपूरच्या परवाना कार्यालयात दाखवायची होती. काकांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, एसटीत बंदूक घेऊन चढणं त्यांना जमणार नव्हतं. मी म्हटलं, मी नेतो. आणि नेमकी माझी गाडी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये गेली. तेव्हा माझा साळा म्हणाला, "भाऊजी, आपली गाडी आहे ना! मी चलतो. त्या ऑफिसात आपली ओळख आहे."

साळ्याबद्दल सांगणं भाग आहे. तो प्लॉट घेतो आणि विकतो. मोठी पांढरी गाडी, काचेवर कुठल्याशा पदाची पाटी. त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, परवाना जिवाला धोका म्हणून मिळालेला. धोका कोणापासून, हे त्याच्या बहिणीलाही ठाऊक नाही. लग्नाकार्यात जेवताना तो जॅकेट काढून खुर्चीला अडकवतो, भर थंडीतसुद्धा, म्हणजे कमरेचं दिसावं. मी दहा वर्षं ते पाहत आलो आणि हसण्यावारी नेत आलो.

सकाळी आम्ही पारशिवनीला पोचलो. काका तयारच होते. नळी त्यांनी डिकीत आडवी ठेवली, कुंदा मागच्या सीटच्या पायाशी, तिसरा तुकडा परवान्यासोबत खांद्याच्या पिशवीत, मांडीवर.

साळा म्हणाला, "काका, बंदूक आहे का बाळंतीण? किती गुंडाळून राहिले!"

"बंदूकच आहे," काका म्हणाले. "म्हणूनच गुंडाळून राहिलो."

नागपूरला कार्यालयात टेबलावरच्या बाबूनं अर्ज घेतला, परवान्याचं पुस्तक घेतलं, एका चिठोऱ्यावर शिक्का मारून पोच दिली आणि सांगितलं, "हत्यार पाहणारे साहेब मीटिंगमध्ये आहेत. सोमवारी आणा."

काका म्हणाले, "मग पुस्तक वापस द्या. सोमवारी बंदुकीसंगंच आणतो."

"पुस्तक फायलीला लागलं बाबा. पोच दिली ना."

"साहेब, बंदूक घेऊन जायची आहे. रस्त्यानं पुस्तक लागते."

"पोचवर शिक्का आहे. कोण विचारते तुम्हाले?"

काका टेबलापाशीच उभे राहिले. मागे रांग वाढत होती. साळा घड्याळ पाहत होता. आणि मी, शिकलेला मी, रोज लोकांच्या कागदांवर सह्या करणारा मी, काकांच्या कोपराला हात लावून म्हणालो, "चला काका. शिक्का आहे त्याच्यावर. चालते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चालू लागले. मी म्हटलं म्हणून चालू लागले. तेव्हा ते टेबलाशी अजून दहा मिनिटं अडून बसले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

परतीच्या वाटेवर साळ्याला इतवारीच्या बाजारात पितळेची भांडी घ्यायची होती, वास्तुपूजेसाठी. हातगाड्या आणि टेम्पोंमधून गाडी कशीबशी, पैसे घेऊन गाड्या लावून देतात अशा एका मोकळ्या जागेत नेली. तिथला माणूस म्हणाला, चावी ठेवून जा, गाडी मागेपुढे करावी लागेल. साळ्यानं चावी दिली आणि उतरला. काका उतरेनात.

"चला ना काका, थंडगार काही पिऊ."

"तुम्ही जा. मी बसतो."

"ऊन पाहा किती आहे! गाडीत शिजून जाल."

"हत्यार आहे गाडीत."

साळा हसला. "अरे काका, मग माझंही आहे! ते डॅशबोर्डात पडलं आहे दोन दिवसांपासून. त्याच्यावरही लक्ष ठेवा, तुम्ही तर पहारेकरीच."

काकांचा चेहरा बदलला. "भरलेलं आहे?"

"रिकामं ठेवून काय आरती करायची त्याची?"

"भरलेलं हत्यार खणात टाकून तू चावी परक्या माणसाले देऊन राहिला?" काका एवढ्या मोठ्यानं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. "आधी काढ. खाली कर. अंगावर ठेव नाहीतर घरी ठेव. पण असं नाही."

"काका, तुम्ही लई भेता बुवा," साळा म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला दुकानाकडे घेऊन गेला. मी गेलो. परत आलो तेव्हा पाऊण तास झाला होता. काका सगळ्या काचा खाली करून बसले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. गाडी लावणारा माणूस मला म्हणाला, "हे बाबा चावीच देत नाही म्हणतात. माझ्या हातातून घेऊन बसले." साळ्यानं हे ऐकून पुन्हा हसून घेतलं. मी रिव्हॉल्व्हरबद्दल त्याला एक शब्द बोललो नाही. त्याची गाडी, त्याचं डिझेल, माझ्या बायकोचा भाऊ. माणूस किती कारणं गोळा करतो!

कन्हानच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. कोणाचा तरी दौरा होता. शिपाई खिडकीशी वाकला, काचेवरची पाटी पाहिली आणि हात कपाळाशी नेला. "जा दादा, जा."

साळ्यानं गिअर टाकला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हवालदारसाहेब, एक मिनिट. गाडीत हत्यार आहे."

शिपायाचा हात कपाळाशीच राहिला.

"माझं आहे," काका म्हणाले. "दुनळी. खाली आहे, काडतुसं नाहीत. पुस्तक नागपूरच्या हापिसात जमा आहे, त्याची ही पोच."

कोणी विचारलं नव्हतं. गाडी निघालीच होती. पण ज्या माणसानं उभं आयुष्य छावणीच्या फाटकावर हत्यार सांगून आत जाण्यात काढलं, तो पोलिसाच्या अडथळ्यावरून गुपचूप जाऊ शकत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. मी आधीच म्हणायला हवं होतं की काका, नाका येईल तेव्हा मी बोलतो.

एक तरुण फौजदार आला. पोच उलटीसुलटी केली. "हे काय आहे? असे चिठोरे तर कोणीही छापते." मग डिकी उघडायला लावली. नळी निघाली. मागच्या सीटच्या पायाशी कुंदा निघाला. काकांनी आपणहून पिशवीतला तिसरा तुकडा काढून दिला. फौजदारानं तिन्ही वस्तू बॉनेटवर मांडायला लावल्या आणि शिपायांकडे वळून म्हणाला, "पाहा. तीन तुकडे करून तीन जागी लपवलं आहे. बुढा पक्का खिलाडी दिसून राहिला."

"लपवलं नाही साहेब," काका म्हणाले. ते सावधानच्या पवित्र्यात उभे होते. "सुरक्षित ठेवलं. सुभेदार होतो मी. हत्याराची वाहतूक अशीच करतात."

"लुगड्यात गुंडाळून करतात? तुमच्या पलटणीत लुगडी देत होते का?"

शिपाई हसले. थांबलेल्या गाड्यांमधले लोक उतरले होते, दोघा-तिघांनी मोबाइल समोर धरले होते. काकूंचं ते लुगडं हिरवं होतं, किनार विटलेली. ते पोलिसाच्या हातात लोंबत होतं आणि लोक त्याचं शूटिंग करत होते. काकांनी ते मागून घेतलं, घडी केली आणि काखेत धरून उभे राहिले.

मी पुढच्या डाव्या सीटवर होतो. माझ्या गुडघ्यांसमोर तो खण होता. झाकण गुडघ्याला लागत होतं. फौजदार माझ्या खिडकीशी आला आणि विचारलं, "पुढं काही आहे?"

मला विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत साळा म्हणाला, "पुढं काय राहणार साहेब, गाडीचे कागद. तुम्ही म्हणाल तर साहेबांशी बोलणं करून देतो." त्यानं एक मोठं पद सांगितलं. फौजदारानं मान हलवली. मी समोर पाहत राहिलो. काचेतून काका दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं.

ते बोलू शकले असते. त्यांना माहीत होतं. एका वाक्यात त्यांनी सगळ्यांचे चेहरे फिरवले असते. ते बोलले नाहीत.

मला आजही राग आवरत नाही तो याचा. एक भरलेलं रिव्हॉल्व्हर दोन दिवस बिनकुलपाच्या खणात भटकत होतं, अनोळखी माणसाच्या हाती चावी जात होती, आणि त्याच्या मालकाला सलाम. एक रिकामी बंदूक, तीन भाग करून, इतक्या काळजीनं ठेवलेली की गाडी उलटली तरी कोणाला इजा झाली नसती, आणि तिच्या मालकाला उन्हात उभं करून लोकांनी हसायचं! काळजी घेणं हाच त्याचा गुन्हा ठरला. त्यानं ती बंदूक मागच्या सीटवर उघडी टाकून नेली असती तर फौजदार म्हणाला असता, शेतकरी दिसतो, जाऊ द्या.

ठाण्यात तीन तास गेले. साळा पंधरा मिनिटांत निघून गेला, त्याला एक रजिस्ट्री होती. पंचनाम्यात लिहिलं, वाहनात निरनिराळ्या ठिकाणी दडवून ठेवलेलं हत्यार मिळून आलं. आपण स्वतः सांगितलं हे कुठे आहे, असं काकांनी विचारलं. "ते चौकशीत येईल," असं उत्तर आलं. बंदूक ठेवून घेतली, काकांना जाऊ दिलं.

आम्ही पारशिवनीची एसटी धरली. गाडीत जागा मिळाल्यावर मी विचारलं, "काका, त्याचंही काहून नाही सांगितलं?"

"ते माझं नव्हतं गा."

"पण तुम्हाले माहीत होतं."

"तुलेही होतं." ते शांतपणे म्हणाले, दोष दिल्यासारखं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुह्या घरचं माणूस आहे. तुले त्या घरी जा-ये करावं लागते. मले काय, मी एकटा."

दोन दिवसांत तो व्हिडिओ पारशिवनीच्या मोबाइलांवर पोचला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, म्हाताऱ्याकडे शस्त्र सापडलं. ज्या चहाच्या टपरीवर काका रोज सकाळी पेपर वाचत, तिथं लोक त्यांना पाहून आवाज खाली करू लागले. मग नोटीस आली. बेजबाबदारपणे व संशयास्पद रीतीने शस्त्र बाळगल्याबद्दल आपला परवाना का रद्द करू नये. सुनावणीची तारीख. वाहनातील इतर व्यक्तींचे लेखी जबाबही मागवले होते.

मी परवाना कार्यालयात त्या बाबूच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, पोच तुम्हीच दिली, पुस्तक तुम्हीच ठेवून घेतलं, त्यांनी परत मागितलं होतं, मी साक्षीला होतो. बाबू म्हणाला, "पोच दिली ना मी. पोचवर बंदूक घेऊन फिरा असं म्हटलं होतं का?"

"तुम्ही म्हटलं, कोण विचारते."

"ते मी असंच म्हटलं." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

विमा कार्यालयात माझ्याही टेबलासमोर लोक उभे असतात. त्या दिवसापासून मी 'असंच' काही बोलत नाही.

रविवारी साळा घरी आला. जबाबाचा मजकूर त्यानं टाइप करूनच आणला होता. गाडीत उपरोक्त बंदुकीव्यतिरिक्त अन्य कोणतेही शस्त्र नव्हते. बंदूक गाडीत ठेवल्याची आम्हाला कल्पना नव्हती.

"कल्पना नव्हती?" मी म्हटलं. "तू बाळंतीण म्हणाला होता तिला."

"भाऊजी, इमोशनल होऊ नका. काकांचं वय झालं. बंदूक गेली तर गेली, डुकरांले फटाके लावतील. माझं लायसन गेलं तर मार्केटमध्ये माझी काय इज्जत राहीन? अन् तुम्ही तिथं गप्प बसले ना? मग आता काहून तोंड फुटून राहिलं?"

त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, कागद ठेव, पाहतो. तो गेल्यावर बायकोनं तो कागद वाचला. ती स्वयंपाकघरात गेली, परत आली. "तुम्हाले लिहायचं असेल तर लिहा," ती म्हणाली. "माहेरचं मी पाहून घेईन. दादा दोन-चार सणांले बोलणार नाही. पण अर्धं लिहू नका. अर्धं लिहिलं तर दोन्हीकडून जाल."

तरीही मी आणखी चार दिवस काढले. माझ्या कार्यालयातल्या वकिलांना विचारलं, वाट पाहिली, काहीतरी आपोआप होईल असं धरून बसलो. पाचव्या दिवशी काकांचं कार्ड आलं. वसतिगृहात यायचं तसंच, चार ओळी. बंदूक सरकारजमा करण्याचा अर्ज लिहिला आहे. सोमवारी देतो. प्रकरण मिटेल. तू काही लिहून देऊ नकोस, घर सांभाळ.

म्हणजे ज्यानं काही चूक केली नाही तोच कबुली देणार, कारण बंदूक परत करणं म्हणजे फायलीत कबुलीच ठरणार. आणि ते करणार कशासाठी, तर मी माझ्या साळ्याच्या घरी सणाला जाऊन पुरणपोळी खाऊ शकावी म्हणून. त्याच दुपारी मी जबाब लिहिला, परवाना कार्यालयात नेऊन दिला आणि त्याची पोच घेतली. मग पोस्टात बसून काकांना हे पत्र लिहिलं. त्यांना फोन करून उपयोग नव्हता. फोनवर ते फक्त "हौ, हौ" म्हणतात आणि मनातलंच करतात.

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. पहिल्यांदाच तुमचं म्हणणं मोडतो आहे.

मी आज जबाब लिहून दिला. सगळा लिहिला. पुस्तक तुम्ही परत मागितलं होतं आणि मीच तुम्हाला टेबलापासून ओढून नेलं, हे लिहिलं. बंदुकीचे तीन भाग कुठे होते, का होते, काडतुसं नव्हती, आणि पोलिसांनी न विचारता तुम्ही स्वतः गाडी थांबवून सांगितलं, हे लिहिलं. समोरच्या खणात भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं हेही लिहिलं. फौजदारांनी मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, हेही. वकील म्हणाले, शेवटचं लिहिण्याची गरज नाही, तुमच्यावरच येईल. आलं तर येऊ द्या. ते खरं आहे.

तुम्ही मला दोष दिला नाही. एसटीत दिला नाही, कार्डातही नाही. तुम्ही दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

घराची काळजी करू नका. तुमच्या सुनेनं मजकूर वाचून मगच मला पाकीट दिलं. तिच्या भावाला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. रागावण्याचा त्याला हक्क आहे, पण तुम्हाला गुन्हेगार ठरवण्याचा कोणालाच नाही, त्या फौजदाराला नाही, त्या बाबूला नाही आणि माझ्या गप्प बसण्यालाही नाही.

काका, तो अर्ज देऊ नका. डुकरांसाठी बंदूक हवी की नको हे तुम्ही पुढे सावकाश ठरवा. हात थकले, नको वाटली, तर खुशाल परत करा, मी स्वतः सोबत येईन. पण आत्ता नाही. आत्ता परत केली तर ते लिहून ठेवतील की म्हातारा घाबरला. आधी त्यांना लिहू द्या की या माणसाची काही चूक नव्हती. मग पुढचं तुमच्या मर्जीनं.

सुनावणी काय होईल मला ठाऊक नाही. परवाना राहील असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. राहिला नाही तर वर अपील करता येतं, ते कसं करायचं हे मी विचारून ठेवलं आहे.

सोमवारी पहाटेच मी पारशिवनीला येतो. माझी गाडी दुरुस्त झाली आहे. मी येईपर्यंत तुम्ही कुठेही निघू नका आणि कशावरही सही करू नका. सैन्यातले कागद असतील तेवढे काढून ठेवा, मी नीट लावीन.

जेवण वेळेवर करा.

तुमचा